जड पाण्याची कॉफी

रेडिएशन संपून सहा आठवडे झाले होते. एका सकाळी त्याने कॉफीचा पहिला घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "पाण्याला खडूची चव येतेय."

घर तिघांचं होतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, वय सेहेचाळीस. त्याची बायको दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. मेणात दात बसवून बसवून तिच्या उजव्या अंगठ्याला कायमचा घट्टा पडला होता. तिसरे त्याचे वडील. एकतीस वर्षं त्यांनी शहराच्या पाणीखात्यात पाणी तपासलं होतं. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना अजून पाणीसाहेबच म्हणत. नळाला गढूळ पाणी आलं की लोक बाटली भरून यांच्या दारात उभे राहायचे, जणू ते साहेबांनीच सोडलंय.

साहेबांच्या या मुलाच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली होती. तेहेतीस वेळा त्याला त्या यंत्राखाली झोपवलं. वजन एकोणीस किलोंनी उतरलं, गळ्याची कातडी भाजल्यासारखी काळी पडली, आवाज घोगरा झाला. जेवण म्हणजे सूप, पातळ खिमट आणि अर्धकच्चं अंडं. एवढं सगळं झालं तरी त्याने एक गोष्ट सोडली नव्हती, सकाळची एस्प्रेसो.

ते मशिन त्याने चार वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या कॅफेतून आणलं होतं आणि स्वतः उघडून चालू केलं होतं. "लिफ्टपेक्षा सोपं आहे. यात अडकायला माणूस नसतो," असं तो म्हणायचा. बिया तराजूवर तोलायच्या, दळायच्या, दट्ट्याने दाबायच्या, सुरुवातीला दोन कप नुसतं गरम पाणी सोडून द्यायचं आणि मग कॉफी. ही त्याची शिस्त. आजारपणात उभं राहवेना, तेव्हा त्याने ओट्याशी उंच स्टूल ओढलं आणि बसून करायला लागला. बायको चहावाली. कॉफीचा वास तिला आवडायचा, चव नाही.

"खडू?" ती म्हणाली. "कालपर्यंत नव्हता?"

"कालही असेल. आज कळलं."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पाणीसाहेब पाव खात होते. त्यांनी पाव खाली ठेवला. "आपल्या पाण्याला?"

"बाबा, तुमच्या पाण्याला म्हणत नाहीये मी."

"मग कुणाच्या? नळ तर एकच आहे."

ते उठून आत गेले. सुनेला वाटलं, रागावले. गेला महिनाभर त्यांनी धड दाढी केली नव्हती. खुर्चीत बसून राहायचे, मुलगा खोकला की मान वर करायची, थांबला की खाली घालायची. पण अर्ध्या तासाने ते गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले आणि म्हणाले, "सूनबाई, स्टूल धर जरा. माळ्यावरची पेटी काढायचीय."

पेटीत त्यांचं जुनं सामान होतं. काचेची नळी, चंबू, दोन-तीन बाटल्या, चिमटीने घालायची एक पूड. नळी आणि चंबू ठीक होते, बाटल्यांमधलं औषध केव्हाच मेलेलं. त्यांनी जुन्या खात्यातल्या एका बाईंना फोन केला, दुपारी स्वतः जाऊन ताजं औषध आणलं आणि ओट्यावर मांडामांड केली. सून लॅबमधून आली तेव्हा स्वयंपाकघरात अमोनियाचा वास भरला होता आणि मुलगा स्टुलावर बसून बघत होता.

"बघ," सासरे म्हणाले. चंबूतलं पाणी लालभडक होतं. वरच्या नळीतून ते थेंब थेंब औषध सोडत होते. "हा लाल रंग निळा होईपर्यंत जेवढं औषध जातं, तेवढं पाणी क्षारांनी जड. चांगलं पाणी असेल तर लगेच निळं होतं."

लगेच काही झालं नाही. थेंब पडत राहिले. साहेब चंबू हलवत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. अखेर पाणी जांभळं झालं, मग निळं. त्यांनी नळीवरचा आकडा चष्मा वर करून वाचला, खाली करून वाचला, आणि परत सगळं पहिल्यापासून केलं.

"तीनशे ऐंशी," ते म्हणाले. "माझ्या वेळी दोनशेच्या वर कधी गेलं नाही. पूर्वेकडच्या खोल विहिरींचं पाणी मिसळतायत. कुणी सांगितलंही नाही."

"तुम्हाला कोण सांगणार, बाबा," मुलगा म्हणाला. "तुम्ही घरी बसलात."

ते खरं होतं, पण साहेबांना ते लागलं. मात्र त्याच वेळी त्यांच्या हाताला काम मिळालं होतं. सुनेने पाहिलं, चंबू धुताना ते पाठ ताठ करून उभे होते.

दोन दिवसांनी मशिनचा मेकॅनिक आला. लांब बोटांचा, बोलघेवडा माणूस. त्याने मागचं झाकण काढलं, बॉयलर उघडला आणि शिट्टी वाजवली. आत तांबं दिसतच नव्हतं. सगळीकडे अंड्याच्या टरफलासारखा पांढरा थर.

"वहिनी, हा बॉयलर नाही, गुहा आहे," तो म्हणाला. "अजून वर्षभर चाललं असतं तर आत वटवाघळं लटकली असती. मी हे साफ करून देतो. पण पाणी असंच राहिलं तर सहा महिन्यांनी पुन्हा मीच येणार. मला काय, मी येईन. पण तुम्ही फिल्टरचं बघा."

"कुठला घ्यायचा?" तिने विचारलं.

"इथेच तर सगळे फसतात. सगळंच काढून टाकणारं यंत्र घेतलंत तर पाणी अगदी रिकामं होतं. मशिनला कळतच नाही आत पाणी आहे की नाही. शिवाय कॉफीला पकडायला काही उरत नाही. पाण्यात थोडं काहीतरी लागतं. पाणी ओतायच्या जगमध्ये बसवलेला छोटा फिल्टर घेतलात, तर एवढ्या जड पाण्याला तो किती दिवस पुरणार? आणि तिसरा मिठाचा सिलेंडर. तो क्षार धरून ठेवतो. पण त्याची काळजी घ्यावी लागते."

"ती मी घेईन," साहेब म्हणाले.

अशा रीतीने ते दोघं पाण्याच्या मागे लागले. सासरा आणि सून पंधरा वर्षं एका घरात राहिले होते, पण त्यांच्यात बोलणं म्हणजे 'जेवण वाढलंय' आणि 'दार लावून घे' एवढंच. आता ती लॅबमधून यायची तर सासरे दारातच आकडा सांगायचे.

आधी जगचा फिल्टर आणला, कारण तो सगळ्यात सोपा होता. पहिल्या दिवशी आकडा शंभराच्या खाली आला. साहेब खूश. मुलाने कॉफी केली, घोट घेतला, जिभेवर फिरवल्यासारखं केलं. दोघं त्याच्या तोंडाकडे बघत उभे.

"बरं आहे," तो म्हणाला. "खडू कमी झालाय. गेला नाहीये."

आठव्या दिवशी आकडा पुन्हा दोनशेवर चढला. नवव्या दिवशी साहेबांनी जग उचलून फुलझाडांसाठी बाल्कनीत नेऊन ठेवला.

मग सगळंच काढून टाकणारं यंत्र. मेकॅनिकने नको म्हटलं होतं, पण साहेबांना स्वतः बघितल्याशिवाय चैन पडेना. शेजारच्या इमारतीतल्या दाताच्या डॉक्टरीण बाईंकडे तसं यंत्र होतं, त्या सुनेच्या लॅबच्या गिऱ्हाईक. त्यांच्याकडून दोन कॅन भरून आणले. चंबूतलं पाणी औषधाचा पहिला थेंब पडताच निळंशार झालं. "काहीच नाही यात," साहेब पुटपुटले. "पाण्याचं भूत आहे हे." मशिनने मेकॅनिकचं म्हणणं खरं केलं. पाणी भरलेलं असूनही लाल दिवा लागला, पंप ओरडत राहिला आणि वरून पाणी ओघळून सगळा ओटा भिजला. मुलाने घाईघाईने बटण बंद केलं. ते तिघंही हसले. त्या वर्षात एकत्र हसण्याची ती बहुधा एकच वेळ.

दुसऱ्या दिवशी त्यात थोडं नळाचं पाणी मिसळून कॉफी केली. "हलकी लागतेय," तो म्हणाला. "काहीतरी कमी आहे."

"खडू?"

"खडू नाही. पण... काहीतरी कमी आहे."

साहेबांनी वहीत लिहिलं, 'हलकी. कमी.' सुनेनेही ते वाक्य दिवसभर डोक्यात घोळवलं. समोर एका म्हाताऱ्या बाईची वरची कवळी होती, दात मेणात बसवायचे होते. हात आपोआप चालत होते आणि ती विचार करत होती की पाण्यात काय कमी पडत असेल. तिच्या लक्षात आलं की सकाळपासून तिने गाठीचा विचार केलेला नाही. महिनाभरात तिला गाठीची स्वप्नं कमी पडत होती, पाण्याची जास्त. आपल्याला बरं वाटतंय हे कळल्यावर तिला स्वतःची लाज वाटली. पण बरं वाटायचं थांबलं नाही.

शेवटी मिठाचा सिलेंडर. गुडघ्याएवढा, स्टीलचा, वर झाकण आणि बाजूला दोन दांड्या. मेकॅनिकने आणून दिला. पण बसवायचा साहेबांनीच हट्ट धरला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस सिंकखाली उताणा झोपला आणि आतून "पाना दे, तो नाही, लहान" असं ओरडत राहिला. सून टॉर्च धरून गुडघ्यांवर बसली होती. ओट्यावर एक वेगळा छोटा नळ आला. त्यातून येणारं पाणी मशिनच्या टाकीत भरायचं. अगदीच मऊ होऊ नये म्हणून साहेबांनी त्यात मोजून थोडं साधं पाणी जाईल अशी सोय केली. आकडा सत्तर.

"हं," मुलगा म्हणाला पहिल्या सकाळी. "आता जवळ आलंय."

"किती जवळ?" साहेबांनी विचारलं.

"खूप."

पुढचे तीन आठवडे साहेब तो आकडा पंचाहत्तरवर नेत, साठवर आणत, पुन्हा सत्तरवर. रोज सकाळी मुलगा घोट घ्यायचा आणि काहीतरी सांगायचा. कालपेक्षा गोल लागतेय. शेवटी किंचित कोरडी. आज बरी. तो सांगायचा, साहेब लिहून घ्यायचे. त्याचं वजन एक किलोने वाढलं आणि तिने मनात ते श्रेयसुद्धा पाण्यालाच दिलं.

सिलेंडरची एक भानगड होती. आठवडाभराने आतल्या दाण्यांनी धरलेला क्षार भरत आला की झाकण उघडून त्यात किलोभर जाडं मीठ ओतायचं, पाणी भरायचं, आणि मग दांडी फिरवून पाऊण-एक तास ते पाणी मोरीत जाऊ द्यायचं. मिठाचं पाणी पार निघून गेलं की नाही हे बघायचं साधं माप म्हणजे जीभ. थेंब चाखायचा, खारट लागला तर अजून सोडायचं.

तिसऱ्यांदा मीठ घालायची वेळ आली तो मंगळवार होता. सून लॅबमध्ये, मुलगा आत झोपलेला. साहेबांनी मीठ ओतलं, पाणी सोडलं, स्टूल ओढून बसले. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात फोन वाजला. हॉस्पिटलमधून होता. मागच्या आठवड्यातल्या स्कॅनचा रिपोर्ट आलाय, उद्या अकराला डॉक्टर भेटतील. "आणि घरच्या लोकांनाही सोबत आणा," फोनवरची मुलगी म्हणाली.

तिने एवढंच सांगितलं. पण साहेबांना नको ते सगळं कळलं. ते ओट्याशी परत आले, पाणी वाहत होतं ते पाहिलं, दांड्या होत्या त्या जागी फिरवल्या आणि टाकी भरून ठेवली. संध्याकाळी सून आली तेव्हा म्हणाले, "उद्या अकराला बोलावलंय." घरच्यांचं वाक्य त्यांनी गाळलं. जेवले नाहीत, पोट बरं नाही म्हणाले.

बुधवारी सकाळी मुलाने नेहमीप्रमाणे दोन कप पाणी सोडून दिलं, बिया दळल्या, कॉफी काढली. साहेब त्यांच्या खोलीतच होते. ती तिचा चहा घेऊन समोर बसली.

त्याने घोट घेतला. मग दुसरा. डोळे मिटले आणि उघडले.

"जमलं," तो म्हणाला.

"काय?"

"हेच ते. अशीच लागायची. बाबांना सांग, आता हात लावू नका म्हणावं." तो हसला. अर्धा कप प्यायला आणि कपडे बदलायला आत गेला.

ती बसून राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दोन-अडीच महिने ज्याच्या मागे ते धावत होते ते नक्की आहे तरी कसं, हे तिला एकदा बघायचं होतं. कॉफी आवडत नसली तरी. तिने त्याचा कप उचलला आणि उरलेल्यातला एक मोठा घोट घेतला.

ती सिंककडे धावली. समुद्राचं पाणी प्यायल्यासारखं तोंड झालं होतं. चूळ भरली, पुन्हा भरली. मग छोट्या नळाखाली बोट धरलं आणि चाखलं. मीठ.

साहेब दारात उभे होते. तिने कप त्यांच्याकडे दिला. त्यांनी ओठ लावला आणि कप तसाच हातात धरून राहिले.

"पाणी पुरतं सोडलंच नाही मी," ते म्हणाले. "काल फोन आला तेव्हा... सूनबाई, हे त्याने प्यायलं?"

"अर्धा कप. जमलं म्हणाला."

आतून कपाटाचं दार वाजलं. साहेबांनी कप उलटा करून सिंकमध्ये ओतला.

टॅक्सीत तो पुढे बसला होता, ती दोघं मागे. तिने त्याच्या मानेकडे बघितलं, कॉलर दोन बोटं सैल झालेली. तिला एकच विचार करता येत होता, कधीपासून? जगच्या फिल्टरपासून? पहिल्या दिवसापासून? तिच्या बाजूला साहेब मांडीवर हात ठेवून बसले होते आणि अंगठ्याने अंगठा चोळत होते.

डॉक्टरांनी खुर्च्या मागवल्या तेव्हाच तिला समजलं. फुप्फुसात आलं होतं, दोन्ही बाजूंना. औषधं आहेत, ती वेळ देतील, बरं करणार नाहीत. किती वेळ ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले; त्याने विचारल्यावर मात्र सांगितलं. सहा महिने, कदाचित आठ. त्याने डॉक्टरांचे आभार मानले. लिफ्टने खाली येताना त्याने सवयीने वर छताकडे कान दिला आणि म्हणाला, "दोरांना तेल हवंय."

हॉस्पिटलच्या आवारात बाक होते. साहेब टॅक्सी बघतो म्हणून फाटकाकडे गेले आणि तिथेच खांबाला टेकून उभे राहिले, मागे वळून बघेनात. ती दोघं बाकावर बसली.

आता हे विचारायची ही वेळ नाही, हे तिला कळत होतं. तरी तिने विचारलं.

"आजची कॉफी कशी होती?"

"सांगितलं ना. मस्त."

"मीठ होतं तिच्यात. चमचाभर नाही, मूठभर."

समोरून एक आया चाकाच्या खुर्चीतून कुणाला तरी नेत होती. ती पार दिसेनाशी होईपर्यंत तो बघत राहिला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"रेडिएशनच्या तिसऱ्या आठवड्यापासून. काही लागत नाही. कॉफी, सूप, पाणी, सगळं एकतर ओलं आणि गरम, नाहीतर ओलं आणि गार. वास येतो, पण नाकापर्यंतच. आत जात नाही."

"मग खडू?"

"तो असाच तोंडात आला." त्याने तिच्याकडे पाहिलं. "त्या सकाळी मी घोट घेतला आणि तू माझ्या तोंडाकडे इतकी बघत होतीस. काहीतरी बोलायला हवं होतं. काहीच लागत नाही असं म्हणवेना. म्हणून पाण्यावर ढकललं. मला वाटलं, तेवढ्यावर मिटेल."

"आणि आम्ही—"

"बाबांनी दाढी केली," तो म्हणाला. "अर्ध्या तासात. महिनाभर नुसते बसून होते, आणि दाढी करून शर्ट घालून पेटी काढायला निघाले. आता मी कुठल्या तोंडाने सांगू, की बाबा, पेटी वर ठेवा, पाण्याचा काही दोष नाही?"

"मला तर सांगायचंस! मला!" तिचा आवाज चढला. पलीकडच्या बाकावरच्या बाईने मान वळवली. "रोज उभं करायचास समोर. गोल लागतेय, कोरडी लागतेय! मी तिथे कवळी हातात धरून विचार करायचे, कोरडी म्हणजे काय असेल. वेड्यासारखी. नाटक चाललं होतं तुझं, आणि आम्ही दोघं—"

"तू घरी येऊन आधी बाबांशी बोलायला लागली होतीस," तो म्हणाला. "मग माझ्याशी. आल्या आल्या माझ्या गळ्याला हात लावून बघायचं बंद झालं होतं तुझं. मला ते आवडत होतं. तुम्ही पाण्याकडे बघत होता. नाहीतर दोघं मिळून माझ्याकडे बघत बसला असतात."

तिला त्याला मारावंसं वाटत होतं, खरोखर, पाठीत बुक्की मारावी असं. आणि त्या पाठीत आता मारण्याजोगं काही उरलं नव्हतं. ती उठली आणि फाटकाकडे चालायला लागली. दहा पावलांवर थांबली, कारण त्याला एकट्याने उठता येत नसे. परत आली, त्याला हात दिला.

तीन दिवस मशिन बंद राहिलं. ती त्याला सूप द्यायची, औषध द्यायची, बोलायची नाही. साहेबांनी सिलेंडर दोनदा धुतला, दीड-दीड तास पाणी सोडलं, आणि दर पाच मिनिटांनी चाखत बसले. चौथ्या दिवशी सकाळी तिला दळण्याचा आवाज ऐकू आला. ती स्वयंपाकघरात गेली. तो स्टुलावर होता आणि ओट्यावर दोन कप होते.

"बसा," तो म्हणाला. "बाबा, तुम्हीपण. आता तुम्ही प्यायची आणि मी विचारायचं. खोटं बोलायचं नाही."

ती अजून रागातच होती. पण बसली.

"कशी आहे?"

"कडू," ती म्हणाली.

"कडू तर सगळीच असते. कशी कडू?"

"जळल्यासारखी."

"बाबा?"

साहेबांनी घोट तोंडात धरून ठेवला होता. गिळून म्हणाले, "मला आंबट लागली."

"दोघांपैकी एकाची जीभ बिघडलीय," तो म्हणाला, आणि मग त्यालाच हसू आलं. तिला आलं नाही. त्याने दळण जरा जाड केलं आणि पुन्हा दोन कप काढले.

असं साधारण तीन महिने चाललं. तिला कॉफी शेवटपर्यंत फारशी आवडली नाही, पण ती ओळखायला शिकली. पाणी फार मऊ झालं की आंबटपणा टोचतो, जड झालं की सगळं चपटं होतं, हे तिला न विचारता सांगता यायला लागलं. तो ऐकायचा, डोकं हलवायचा, दळायच्या यंत्राचं चाक अर्धा आटा फिरवायचा. कधी ती मुद्दाम काहीच बोलायची नाही आणि तो वाट बघत बसायचा. बाकावर झालं ते तिने पुन्हा काढलं नाही, त्यानेही नाही. पण तो "बरं वाटतंय" म्हणाला की ती आता त्याच्या कपाळाला हात लावून बघायची, आणि त्याला तो हात नको असायचा, हे दोघांनाही माहीत होतं.

मग दट्ट्या दाबायची ताकद गेली. मग स्टुलावर बसणं गेलं. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते. पाच महिने आणि काही दिवस झाले. एका दुपारी, साहेब त्याच्या पायांशी पेपर वाचत बसले असताना, तो गेला. ती लॅबमध्ये होती. साहेबांनी फोन केला आणि एवढंच म्हणाले, "ये." ती पोचली तेव्हा त्यांनी त्याचे पाय चादरीने नीट झाकले होते, जसे थंडी वाजू नये म्हणून झाकतात.

महिन्याभराने नणंद आली. ती थोरली, दुसऱ्या शहरात राहायची, दोन खोल्या रिकाम्या होत्या. "बाबांना घेऊन जाते, वहिनी," ती म्हणाली. "तू दिवसभर बाहेर. ते इथे एकटे काय करणार? तूही चल हवं तर." ते मनापासून होतं. पण तिने नकारार्थी मान हलवली, लॅब इथेच होती. तिने साहेबांना थांबा म्हणून पाहिलं, एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "मी थांबलो तर आपण दोघं त्याच्याबद्दल बोलत बसू. किंवा नाही बोलणार. दोन्ही मला जमायचं नाही."

निघायच्या सकाळी खाली गाडी उभी होती. नणंद डिकीत बॅगा रचत होती. साहेब जिना उतरून आले, सुनेच्या समोर उभे राहिले. म्हणाले, "त्याचं ते खोटं मनात ठेवू नकोस. माझ्यासाठी बोलला तो."

"ठेवलंय, बाबा," ती म्हणाली. "मला सांगायला हवं होतं त्याने. रोज वाटतं."

त्यांनी मान हलवली. समजूत घातली नाही, ती घालत बसायचा त्यांचा स्वभावही नव्हता. तिच्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि गाडीत बसले. नणंदेने खिडकीतून हात हलवला. गाडी कोपऱ्यावर वळली.

ती काही वेळ फुटपाथवर उभी राहिली. वर जाऊन दार उघडावंसं वाटेना, म्हणून तशीच चालत लॅबला गेली. चारच्या आत एका बाईचे खालचे दात द्यायचे होते.